चिचगड, रायपूर आणि साडेबावीस मिनिटे

१/
चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील एक गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग देवरीवरून पूर्वेकडे जातो आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपून छत्तीसगड सुरू होते. चिचगड या महामार्गाच्या दक्षिणेला, जंगलपट्ट्यात वसलेले आहे.

भारतातील लहान मुलांच्या शैक्षणिक दूरदर्शनचा इतिहास सांगताना दिल्ली, अहमदाबाद, पुणे ही नावे येतात. चिचगडचे नाव कोणी घेत नाही. तरीही तो इतिहास नीट समजायचा असेल, तर याच सीमेवर उभे राहून पाहावे लागते. ते का, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
आधी विषयाची ओळख. लहान मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमांचा एक प्रकार असा आहे, ज्यात कोणी ओरडत नाही. आवाज संथ असतो. एखादी ताई, एखादी बाहुली किंवा चित्रातला पक्षी मुलाशी थेट बोलतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातच शिक्षण असते. समोर बसलेले मूल विचार करणारे आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते.

हा मृदूपणा आपोआप येत नाही. त्यामागे पैसा लागतो, प्रशिक्षित माणसे लागतात आणि मुख्य म्हणजे कोणत्या मुलाशी, कोणत्या भाषेत बोलायचे याचा निर्णय लागतो. या थ्रेडचा विषय तो निर्णय आहे.

३/
१९६९ हे या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष. १ मे १९६९ रोजी अमेरिकेत फ्रेड रॉजर्स हा मुलांचा कार्यक्रम करणारा गृहस्थ सिनेटच्या समितीपुढे बसला आणि सार्वजनिक दूरदर्शनला सरकारी पैसा का हवा, हे त्याने आपल्या नेहमीच्या शांत आवाजात सांगितले. नोव्हेंबरमध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले.

या दोन्हींच्या मध्ये, सप्टेंबर १९६९ मध्ये, भारत आणि अमेरिका यांच्यात एक करार झाला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळणार होता. त्या उपग्रहावरून खेड्यांत थेट दूरदर्शन दाखवायचे होते. हे स्वप्न विक्रम साराभाई यांचे. ते प्रत्यक्षात उतरलेले पाहायला साराभाई राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

४/
प्रयोगाचे नाव उपग्रहाधारित शैक्षणिक दूरदर्शन प्रयोग. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘साइट’ म्हणत. कालावधी १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. उपग्रहाचे नाव एटीएस-६.

व्याप्ती सुमारे २,४०० खेडी आणि सहा राज्ये : आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान. (ओडिशा तेव्हा ‘ओरिसा’ होते.)

यादीत महाराष्ट्र नाही. हा तपशील लक्षात ठेवावा.

५/
यंत्रणा आजही थक्क करणारी आहे. अहमदाबादच्या भूकेंद्रातून कार्यक्रम वर जाई. आफ्रिकेच्या पूर्व भागावर विषुववृत्ताच्या वर स्थिरावलेला उपग्रह तो भारताकडे परत पाठवी. गावात शाळेजवळ सुमारे दहा फूट व्यासाची अँटेना उभी असे. तिची जाळी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी साधी तारेची जाळी. देशी अभियंत्यांनी ती मुद्दाम स्वस्त आणि हलकी बनवली होती.

ज्या गावांत पक्का रस्ता नव्हता, त्यांतल्या कित्येक गावांत अशा रीतीने आकाशातून चित्र उतरले. संच एकाच्या घरी नव्हता. तो गावाचा होता.

६/
संध्याकाळचे कार्यक्रम मोठ्यांसाठी : शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या. सकाळचा दीड तास मात्र फक्त मुलांचा. वयोगट ५ ते १२ वर्षे. हा दीड तास चार भाषांत समान वाटलेला होता : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया.

नव्वद भागिले चार. प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे.

भारतातील खेड्यांतल्या मुलांसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर राखून ठेवलेला हा पहिला वेळ होता. इतिहासात मोठ्या गोष्टी पुष्कळदा अशा साध्या भागाकारात दडलेल्या असतात.

७/
मुलांचे कार्यक्रम कोण करत होते? इथे दोन मराठी नावे ठळकपणे समोर येतात.

पहिले नाव विजया मुळे. दिल्लीतील शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा त्यांच्याकडे होती आणि ग्रामीण मुलांसाठी ‘साइट’चे कार्यक्रम तयार करण्याचे काम या केंद्राने केले. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा चित्रपट त्यांचाच. ताई धाकट्या भावाला ‘एक’ आणि ‘अनेक’ यांचा अर्थ समजावते, एवढीच त्याची गोष्ट. जाळ्यात सापडलेले पक्षी मिळून जाळेच घेऊन उडतात, ही आपल्याकडची जुनी कथा त्यात येते. भीमसेन यांच्या रेषांनी ती पडद्यावर जिवंत केली.

८/
दुसरे नाव एकनाथ चिटणीस. कोल्हापुरात जन्मलेले हे शास्त्रज्ञ साराभाईंचे जुने सहकारी आणि ‘साइट’चे कार्यक्रम व्यवस्थापक. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यशपाल होते.

आणखी एक बाब. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोच्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत. हवा जागा व्यापते का, सावली लहान-मोठी का होते, असे प्रश्न मुलाच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून उलगडायचे, ही त्या विज्ञानशिक्षणाची दृष्टी होती.

९/
आता विसंगती पाहावी. प्रयोगाचा व्यवस्थापक मराठी. मुलांच्या कार्यक्रमांची एक प्रमुख कर्ती मराठी. विज्ञानाचा स्टुडिओ महाराष्ट्राच्या राजधानीत. आणि साडेबावीस मिनिटांच्या चार वाट्यांत मराठीचा वाटा नाही.

मुंबईत तयार झालेला कार्यक्रम अहमदाबादला जाई, तिथून अवकाशात, आणि तिथून रायपूर परिसरातल्या एखाद्या शाळेच्या अंगणात. मधल्या सबंध महाराष्ट्रावरून तो जाई. उतरत मात्र नसे.

१०/
म्हणून चिचगड. मध्य प्रदेशातील ‘साइट’ची खेडी रायपूरच्या आसपासच्या प्रदेशात होती. आज तो छत्तीसगडमध्ये मोडतो. दक्षिणेकडे कर्नाटकातील गुलबर्गा आणि विजापूर हे जिल्हेही प्रयोगात होते. ते सोलापूरला लागून आहेत. महाराष्ट्राच्या पूर्वेला संच, दक्षिणेला संच.

चिचगड तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. भंडाऱ्याच्या या पूर्व टोकाहून पाहिले, तर देशातील सर्वांत आधुनिक शाळा शेजारच्या राज्यात भरत होती.

११/
‘शेजारचे राज्य’ हे शब्दही तपासून घ्यावेत. ब्रिटिश काळात चिचगड ही भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी होती. भंडारा आणि रायपूर हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते आणि दोन्हींची राजधानी एकच : नागपूर. स्वातंत्र्यानंतर या प्रांताचे मध्य प्रदेश झाले, तरी ही जोडी तुटली नाही.

ती तुटली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. रायपूर मध्य प्रदेशातच राहिले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

१२/
म्हणजे ‘साइट’ सुरू होण्याच्या केवळ एकोणीस वर्षे आधीपर्यंत चिचगड आणि रायपूर एकाच राज्यात होते. सीमा जागची हलली नसती, तर चिचगडचा परिसर प्रयोगाच्या राज्यात मोडला असता.

पण मग मुलांनी ऐकली असती ती हिंदी. भाषिक राज्यरचनेने या पट्ट्यातील मुलांना शाळेत मराठी दिली. त्याच रेषेने त्यांना १९७५ च्या पडद्याच्या बाहेरही ठेवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवायला शिकले पाहिजे. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

१३/
इथे एक तांत्रिक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. उपग्रहाचा किरण राज्याच्या सीमेवर थांबत नाही. एटीएस-६ चे प्रक्षेपण देशाच्या बहुतेक भागावर पडत होते. चिचगडच्या आकाशातूनही ते कार्यक्रम रोज सकाळी जात होते. नव्हता तो खाली ते पकडणारा संच.

याचा पुरावा मजेशीर आहे. भूस्थिर उपग्रहांद्वारे संदेशवहनाची कल्पना १९४५ मध्ये मांडणारे लेखक आर्थर सी. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत. भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या घरी ‘साइट’ची अँटेना बसवून दिली. समुद्रापलीकडच्या एका घरात चित्र दिसत होते. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हताच.

१४/
तरीही महाराष्ट्राला वगळणे हा कोणा एकाचा दुष्टपणा मानू नये. साधने मोजकी होती. राज्ये निवडताना मागासलेपण आणि शेजारशेजारची खेडी एकत्र सापडणे, हे निकष होते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ पासून दूरदर्शन केंद्र होते, म्हणून कागदावर महाराष्ट्र ‘दूरदर्शन असलेले’ राज्य होते.

पण मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र भंडाऱ्याच्या जंगलापर्यंत पोहोचणे अशक्य. सरासरीने एक राज्य पुढारलेले ठरले की त्याच्या टोकावरचे गाव हिशेबातून निसटते. पूर्व विदर्भाला हा अनुभव नवीन नाही.

१५/
सीमेपलीकडे तरी काय झाले? ‘साइट’च्या परिणामांचा अभ्यास त्या काळाच्या मानाने अतिशय बारकाईने झाला. मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत मुक्कामाला राहिले. नव्याची नवलाई ओसरल्यावर मोठ्यांची गर्दी घटली. मुले मात्र येत राहिली.

मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली, निरनिराळ्या मार्गांनी माहिती मिळवण्याची ओढ वाढली. शाळागळती मात्र दूरदर्शनमुळे थांबली नाही. गुरे राखायला जाणारे मूल पडद्यासाठी गुरे सोडून शाळेत आले नाही. मृदू आवाज मुलाला जागे करू शकतो. त्याच्या घरची गरिबी तो हटवू शकत नाही. हे निष्कर्ष आजही वाचण्याजोगे आहेत.

१६/
तिथल्या भाषेचाही प्रश्न होता. मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान या तिन्हींसाठी एकच हिंदी कार्यक्रम. रायपूरकडच्या मुलाच्या घरात छत्तीसगडी, पडद्यावर प्रमाण हिंदी. ‘आपली भाषा’ या शब्दाचा अर्थ राजधानीत वेगळा आणि चुलीपाशी वेगळा.

मग ३१ जुलै १९७६ आला. उपग्रह करारानुसार परत गेला. पुढच्या वर्षी रायपूरला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र आले आणि काही खेड्यांतील संच पुन्हा चालू झाले. त्याच्या टप्प्याबाहेरच्या खेड्यांत जाळीची अँटेना आभाळाकडे तोंड करून उभी राहिली आणि पडदा काळा झाला. एक वर्ष मुलांशी बोलून तो आवाज गप्प झाला.

१७/
दुसरा अंक १९८० च्या दशकातला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला. आता उपग्रह भारताचा होता. शैक्षणिक दूरदर्शनसाठी पुन्हा सहा राज्ये निवडली गेली : आंध्र प्रदेश, बिहार, गुजरात, महाराष्ट्र, ओडिशा, उत्तर प्रदेश.

यादी नीट पाहावी. या वेळी महाराष्ट्र आत आहे आणि मध्य प्रदेश बाहेर. आठ वर्षांत सीमेची बाजू पालटली. आता पडद्यावर मराठी येणार होती आणि रायपूरच्या मुलांना दुसऱ्या राज्यांसाठी बनलेल्या हिंदी कार्यक्रमांवर भागवावे लागणार होते.

१८/
महाराष्ट्रासाठीची संस्था पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचे नाव आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांच्या ओळखीचे आहे : बालचित्रवाणी. ‘बालभारती’ने मुलांच्या हाती पुस्तक दिले, बालचित्रवाणीने त्या पुस्तकाला आवाज आणि हालचाल द्यावी, अशी अपेक्षा होती.

कार्यक्रम दोन वयोगटांसाठी आखले जात : ५ ते ८ आणि ९ ते ११. गाणी, बाहुल्या, छोटी नाट्ये, प्रयोग, कारागिरांच्या भेटी. सजावट बेताची, वेग बेताचा. जाहिरात नाही. आजच्या डोळ्यांना ते पडद्यावरचे वर्ग वाटतील. पण प्राथमिक शाळेतील मुलांसाठी सातत्याने, मराठीतून आणि फक्त त्यांच्यासाठी काम करणारी दूरदर्शन-निर्मितीची दुसरी सरकारी संस्था महाराष्ट्राला लाभली नाही.

१९/
इथे चिचगड पुन्हा प्रश्न विचारते. पुण्याची प्रमाण मराठी चिचगडच्या मुलाची घरची भाषा होती का? या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते, गोंडी बोलली जाते, हलबी आणि छत्तीसगडीही कानावर पडते. दंडार आणि झाडीपट्टीची नाटके पाहत वाढलेल्या मुलाला कथा सांगण्याची रीत चांगली ठाऊक असते. ती रीत पुण्याच्या स्टुडिओतल्या रीतीहून निराळी असते.

रायपूरकडे छत्तीसगडी आणि हिंदी यांत जे अंतर होते, त्याहून मोठे अंतर गोंडी आणि मराठी यांत आहे. मराठी ही आर्य कुळातील भाषा, गोंडी द्रविड कुळातील. राज्याची भाषा मिळाली, म्हणजे मुलाची भाषा मिळालीच असे होत नाही.

२०/
तरीही जे होते त्याचे मोल कमी लेखू नये. ते टिकलेही नाही. खासगी वाहिन्या आल्या, मुलांचा पडदा कार्टून आणि जाहिरातींनी भरला. केंद्राकडून येणारे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने बालचित्रवाणी बंद केली. तेहतीस वर्षांचे काम, हजारो कार्यक्रम.

चुंबकीय फितीवरची स्मृती कागदाहून नाजूक असते. दमट हवेत तिला बुरशी लागते, ती चालवणारी यंत्रे बाजारातून नाहीशी होतात, यंत्र दुरुस्त करणारे निवृत्त होतात. ताम्रपट हजार वर्षे जमिनीत राहून वाचता येतो. १९८५ ची फीत दुर्लक्षित राहिली, तर एका पिढीतच मुकी होते.

२१/
तिसरा अंक अगदी अलीकडचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांची शाळा फोनमध्ये गेली; जंगलपट्ट्यात ना फोन ना रेंज. तेव्हा बंद पडलेल्या संस्थेची उणीव अचानक सगळ्यांना जाणवली.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. निर्मिती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. त्यात वर्ग नव्हता, फळा नव्हता. घरातली मुले आणि मोठी माणसे घरातल्याच वस्तू घेऊन काही करून पाहत, बोलत, हसत शिकत. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम ‘प्रथम’ संस्थेच्या सहभागाने विदर्भातील मुलांपर्यंत जात होता.

२२/
पंचेचाळीस वर्षांपूर्वी जो विचार केला गेला होता, तोच पुन्हा नव्याने करावा लागला : आवाज संथ हवा, प्रश्न विचारून थांबायला हवे, वस्तू मुलाच्या हाताशी असलेली हवी. विजया मुळे यांच्या पिढीने हे सगळे शिकून ठेवले होते. त्यांचे निधन २०१९ मध्ये झाले, म्हणजे शाळा बंद होण्याच्या दहा महिने आधी.

एखादी संस्था बंद करताना इमारत, खुर्च्या आणि देणी यांचा हिशेब होतो. तिथे साठलेल्या शहाणपणाचा रकाना हिशेबाच्या वहीत नसतो.

२३/
या तीन अंकांना जोडणारे सूत्र एकच आहे. १९७५ मध्ये आवाज आला, वर्षाने गेला. १९८४ मध्ये आला, २०१७ मध्ये संस्थेसह गेला. २०२० मध्ये संकटामुळे आला, शाळा उघडल्यावर त्याची निकड संपली असे मानले गेले. मुलांशी मृदूपणे बोलायचे तंत्र आपल्याला नेहमीच येत होते. बोलत राहण्याचे मात्र जमले नाही.

लहान मुलासाठी हे साधे नसते. रोज ठरलेल्या वेळी येणारी व्यक्ती अचानक यायची थांबली, तर ते मूल कारणे विचारत नाही. ते फक्त वाट पाहायचे सोडून देते.

२४/
शेवटी एक विनंती, विशेषतः गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि सीमेपलीकडच्या राजनांदगाव, दुर्ग, रायपूर भागातील वाचकांना. सरकारी अहवालांत संचांची संख्या मिळते. संचासमोर बसलेल्या मुलांच्या आठवणी तिथे मिळत नाहीत. १९७५ मध्ये आठ वर्षांची असलेली मुले आज साठीच्या आसपास आहेत.

घरी विचारा. शाळेत टीव्ही पहिल्यांदा कधी आला? त्याची किल्ली कोणाकडे असे? वीज गेली की मुले काय करत? पडद्यावरच्या माणसांचे बोलणे समजे का? सीमेअलीकडचे कोणी कधी नातलगांकडे, बाजाराला पलीकडे गेले असताना तो पडदा पाहिला का?

मिळेल ते गावाचे नाव आणि साल यांसह लिहून ठेवा आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन या थ्रेडखाली नोंदवा. फिती वाचवणे सरकारच्या हाती आहे. आठवणी वाचवणे अजून तरी आपल्या हाती आहे.

(समाप्त)